बहुभाषिक वर्ग आणि मूल्यमापन : गुण नेमके कशाचे?

कर्नाटक लोकसेवा आयोगाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी राजपत्रित परिविक्षाधीन अधिकाऱ्यांच्या ३८४ पदांसाठी पूर्वपरीक्षा घेतली. प्रश्न कन्नड व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले होते. परीक्षा संपताच कन्नड माध्यमातून लिहिणाऱ्या उमेदवारांनी तक्रार केली, की अनेक प्रश्नांच्या कन्नड अनुवादात चुका असून काही ठिकाणी प्रश्नाचा अर्थच पालटला आहे. राज्य शासनाने सप्टेंबरच्या प्रारंभी फेरपरीक्षेचा निर्णय जाहीर केला. ही फेरपरीक्षा २९ डिसेंबर २०२४ रोजी पार पडली आणि तिच्याही कन्नड अनुवादाविषयी पुन्हा तक्रारी झाल्या. याआधी २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्न सदोष असल्याचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे आले होते. खंडपीठाने तमिळ माध्यमाच्या उमेदवारांना प्रत्येक प्रश्नाचे ४ याप्रमाणे १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली व त्याच वर्षी तो आदेश रद्द केला.

या दोन्ही प्रसंगी परीक्षा घेणाऱ्यांना उमेदवाराचे विषयज्ञान जोखायचे होते. प्रत्यक्षात त्या ज्ञानाच्या मार्गात भाषा उभी राहिली. उमेदवार सज्ञान होते, संघटित होते, न्यायालयाचा दरवाजा त्यांना ठाऊक होता. तिसरी-चौथीतील मुलाच्या बाबतीत हाच प्रकार वर्षभर, प्रत्येक चाचणीत घडत असतो. तेथे कोणी तक्रार करीत नाही. प्रगतिपुस्तकावर ‘गणितात कच्चा’ असा शेरा मात्र उमटतो.

एक समीकरण, दोन अज्ञात राशी

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते, की एकाच समीकरणातून दोन अज्ञात राशींचे मूल्य काढता येत नाही. बाजारातील भाव वाढला एवढ्यावरून मागणी वाढली की पुरवठा घटला हे सांगता येत नाही. त्यासाठी आणखी एक निरीक्षण लागते. उत्तरपत्रिकेवरील गुण हे असेच एक समीकरण आहे. मुलाला विषय किती समजला आणि ज्या भाषेत प्रश्न विचारला ती भाषा त्याला किती अवगत आहे, या दोन्हींचा तो संयुक्त परिणाम असतो. वर्गातील सर्व मुलांची भाषा एकच असेल तर दुसरी राशी जवळजवळ स्थिर राहते आणि गुणांवरून विषयज्ञानाचा अंदाज बांधणे फारसे चुकत नाही. वर्ग बहुभाषिक झाला की हा आधार नाहीसा होतो. दहापैकी चार गुण मिळवणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला भागाकारच येत नसतो. दुसऱ्याला भागाकार येत असतो, पण ‘समान वाटणी केल्यास प्रत्येकास किती’ हे वाक्य उलगडलेले नसते. दोघांची गरज निराळी असते. शाळा मात्र दोघांनाही गणिताच्या जादा तासाला बसवते.

मापनशास्त्रात या दोषाचा विचार झालेला आहे. जे मोजायचे नाही त्याचा प्रभाव गुणांत मिसळला की गुणांवरून काढलेला निष्कर्ष वैध राहत नाही, हा मुद्दा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये सविस्तर मांडला. चाचणी स्वतःहून वैध किंवा अवैध नसते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वैध किंवा अवैध असतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

बंगळुरूची वर्गखोली

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बंगळुरूसारखे शहर शोधून सापडणे कठीण. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळुरू नागरी जिल्ह्यात कन्नड ही सर्वांत मोठी मातृभाषा असली, तरी ती बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. तमिळ, तेलुगू आणि उर्दू यांपैकी प्रत्येक भाषेचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक आहे. हिंदी, मल्याळम आणि मराठी भाषकही मोठ्या संख्येने आहेत. मराठीचा या शहराशी संबंध तर शहाजीराजांच्या काळापासूनचा. संपूर्ण कर्नाटकात २०११ मध्ये सुमारे २० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी असल्याचे नोंदवले होते. त्यातील बहुसंख्य अर्थातच सीमेलगतच्या जिल्ह्यांतील. शहरातील बांधकामांवर आलेल्या मजुरांच्या मुलांमुळे अलीकडे ओडिया, बंगाली व हिंदीच्या निरनिराळ्या बोलीही शाळेच्या आवारात ऐकू येतात.

अशा वर्गातील एखाद्या मुलाचा दिवस पाहावा. घरी तमिळ किंवा दखनी उर्दू, गल्लीत कन्नड, आणि शाळेत पाठ्यपुस्तक इंग्रजी. प्रत्येक भाषेत त्याला काही ना काही येते. पण ज्या भाषेत परीक्षा होते ती नेमकी त्याची सर्वांत दुर्बळ भाषा असते.

माध्यमाच्या प्रश्नावर कर्नाटकात प्रदीर्घ संघर्ष झाला. वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८१ मध्ये शालेय शिक्षणात कन्नडला अग्रस्थान देण्याची शिफारस केली. तिच्या अंमलबजावणीसाठी पुढे उभ्या राहिलेल्या चळवळीचे नेतृत्व अभिनेते राजकुमार यांनी केले. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण देण्याची राज्याची भूमिका १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली. त्यानंतर १९९४ च्या शासकीय आदेशाने पहिली ते चौथीसाठी मातृभाषा किंवा कन्नड हे माध्यम अनिवार्य केले. हा वाद पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने निर्णय दिला, की शासन मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही. माध्यमाची निवड अनुच्छेद १९(१)(क) मधील स्वातंत्र्यात अंतर्भूत आहे. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, असेही पीठाने म्हटले. पुढे २०१९-२० या वर्षी राज्याने एक हजार शासकीय शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी येथे घटनात्मक व वैधानिक तरतुदी एकत्र लक्षात घ्याव्यात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण देण्यास सांगते. मुलाच्या ज्ञानाच्या आकलनाचे व ते वापरण्याच्या क्षमतेचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, असेही तेच कलम सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा वा स्थानिक भाषा माध्यम असावी, अशी भूमिका आहे. या साऱ्या चर्चेत ‘कोणत्या भाषेत शिकवावे’ यावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या तुलनेत ‘शिकलेले कोणत्या भाषेत तपासावे’ या प्रश्नाकडे जवळजवळ कोणी पाहिलेच नाही. माध्यम पालकांनी निवडले तरी चाचणीचे स्वरूप शाळा व शासनच ठरवतात. २०१४ च्या निर्णयाने त्यात कोणताही अडसर निर्माण केलेला नाही.

भाषेची वाढ : तिचे माप निराळे

भाषाविकास म्हणजे भाषेच्या पेपरातील गुण नव्हेत. कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेचेच पाहा. तिची जी रचना दीर्घकाळ चालत आली, तीत एकूण ६२५ गुणांपैकी प्रथम भाषेला १२५ आणि अन्य दोन भाषांना प्रत्येकी १०० असे ३२५ गुण, म्हणजे निम्म्याहून अधिक, भाषांना होते. इतके करूनही विज्ञानाचे उत्तर लिहिण्यापुरती भाषा मुलाकडे आली की नाही, हे त्या ३२५ गुणांवरून कळत नव्हते.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ नंतरच्या लेखनात संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. स्थलांतरित कुटुंबांतील मुले नवी भाषा बोलण्यापुरती साधारण दोन वर्षांत आत्मसात करतात; मात्र त्या भाषेत विषय शिकण्याच्या बाबतीत बरोबरीच्या मुलांना गाठण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना आढळले. बंगळुरूच्या शिक्षकाला हा भेद उपयोगाचा आहे. मधल्या सुट्टीत अस्खलित कन्नड बोलणारे तेलुगू भाषक मूल परिसर अभ्यासाच्या तासाला गप्प बसते, तेव्हा ते आळशी आहे असे वाटते. वास्तविक ‘पाऊस पडतो’ हे सांगणारी भाषा आणि ‘पावसाचे प्रमाण उंचीनुसार का बदलते’ हे सांगणारी भाषा यांत काही वर्षांचे अंतर असते.

लिपीचाही विचार करावा लागतो. बंगळुरूच्या प्रॉमिस फाउंडेशनमधील संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचन शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजीची सव्वीस अक्षरे ओळखणे हा पहिल्या वर्षाचा विषय असतो. कन्नडची अक्षरे आत्मसात होण्याची प्रक्रिया मात्र प्राथमिक शाळेच्या अनेक इयत्तांपर्यंत चालू राहते, असे त्यातून दिसले. मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. आपल्या बाराखडीसारखे तेथे ‘कागुणित’ आहे आणि जोडाक्षरात दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली ‘ओत्तक्षर’ म्हणून जाते. त्यामुळे दुसरीतील मूल जोडाक्षरी शब्दाशी अडखळते, ही अपेक्षित वाटचाल आहे. तिला न्यूनता म्हणता येत नाही. इंग्रजीसाठी आखलेले वाचनवेगाचे कोष्टक येथे लावले तर फसगत होते. कन्नडमध्ये ‘मनेयल्लि’ हा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याच अर्थाला तीन शब्द लागतात. मिनिटाला किती शब्द, ही मोजणी भाषा बदलताच निरर्थक होते. म्हणून भाषाविकासाची तुलना मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी करावी आणि प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र टप्पे ठरवावेत, हे उचित ठरते.

विषय वेगळा काढताना

मग दुसरे समीकरण कोठून आणायचे? उदाहरणादाखल इंग्रजी माध्यमाच्या पाचवीतील जलचक्रावरचा प्रश्न घेऊ. एका मुलीने लिहिले : ‘वॉटर हॉट, गो अप. अप कोल्ड, कम रेन.’ दुसऱ्याने पुस्तकातील व्याख्या शब्दशः, निर्दोष उतरवली. प्रचलित पद्धतीने दुसऱ्याला पूर्ण गुण आणि पहिलीला फार तर एक. परंतु पहिलीच्या उत्तरात पाणी तापणे, वर जाणे, थंड होणे व पाऊस म्हणून परतणे हा कार्यकारणाचा क्रम बिनचूक आहे. दुसऱ्याला ‘वारा असताना ओले कपडे लवकर का वाळतात?’ असे विचारले आणि तो निरुत्तर झाला, तर त्याचे पूर्ण गुण स्मरणशक्तीचे होते. उत्तरपत्रिकेवर दोन रकाने आखले की हे स्पष्ट होते. एक रकाना संकल्पनेचा, दुसरा भाषेचा. पहिली मुलगी चारपैकी तीन व एक अशी नोंदली जाईल. तिला विज्ञानाच्या जादा तासाची गरज नाही, तिला वाक्यरचनेची मदत हवी. तिसऱ्या कोणाची नोंद एक व एक अशी आली तर निर्णय घाईने करू नये. तेथे भाषेने विषय झाकलेला असण्याची शक्यता उरतेच, आणि तोंडी विचारल्याखेरीज ती दूर होत नाही.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. ‘बाष्पीभवन’ ही संज्ञा विषयाचा भाग की भाषेचा? संज्ञेशिवाय शास्त्र पुढे जात नाही. तेव्हा तिला केवळ भाषेच्या रकान्यात ढकलणे बरोबर नाही. पण संकल्पना रुजण्यापूर्वीच संज्ञेची मागणी करणे म्हणजे घोकंपट्टीला बक्षीस देणे होय. पहिल्या चाचणीत संकल्पना कोणत्याही शब्दांत मान्य करावी आणि काही आठवड्यांनंतरच्या चाचणीत संज्ञेला विषयाचे गुण द्यावेत, हा व्यवहार्य मध्यममार्ग दिसतो.

दुसरा उपाय प्रश्नाच्या भाषेचा. अमेरिकेत जमाल अबेदी आणि कॅरल लॉर्ड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय चाचणीतील गणिताचे प्रश्न घेतले, आकडेमोड तशीच ठेवली आणि केवळ वाक्ये सोपी केली : कर्मणी रचना कमी केल्या, लांब वाक्ये तोडली, अपरिचित शब्द बदलले. गुणांत वाढ झाली. ती मोठी नव्हती, परंतु गणितात मागे असणाऱ्या वर्गांना तिचा लाभ अधिक झाला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला यासाठी पैसा लागत नाही, सवय बदलावी लागते. ‘एका व्यापाऱ्याने खरेदी केलेल्या वस्तूंपैकी न विकल्या गेलेल्या वस्तूंची संख्या काढा’ हे वाक्य मराठी माध्यमातील मराठी मुलालाही अडवते.

तिसरा उपाय द्विभाषिक प्रश्नांचा. त्याची किंमत प्रारंभीच्या दोन्ही परीक्षांनी दाखवून दिली आहे. प्रश्न एका भाषेत पक्का करून अखेरच्या क्षणी दुसरीत ओतला की दुसऱ्या भाषेचा उमेदवार दुय्यम ठरतो. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत मूळ प्रश्नांच्या इंग्रजी व फ्रेंच अशा दोन समकक्ष आवृत्त्या पुरवल्या जातात आणि स्थानिक भाषेत दोन स्वतंत्र अनुवाद करून ते जुळवावेत, अशी शिफारस असते. आपल्याकडे निदान एवढे करता येईल, की प्रश्न लिहिणाऱ्यांच्या मंडळात दोन्ही भाषांचे शिक्षक आरंभापासून असावेत. संज्ञांच्या बाबतीत शेजारी भाषा एकमेकींना बरीच मदत करतात. गुणाकार, भागाकार आणि सरासरी हे शब्द कन्नड व मराठीत अगदी एकच आहेत. मात्र आपण ज्याला परिमिती म्हणतो त्याला कन्नडमध्ये ‘सुत्तळते’ म्हणतात, आणि वजाबाकीला ‘व्यवकलन’. बेळगावच्या मराठी घरातून कन्नड शाळेत गेलेल्या मुलाला भागाकार आपला वाटतो. वजाबाकी, जी त्याला घरी दुकानाच्या हिशेबात रोज करावी लागते, ती परकी वाटते. ‘अवसर’ या शब्दाचा अर्थ तर कन्नडमध्ये घाई असा आहे. शब्दसाम्यावर विसंबणाऱ्या अनुवादकाने हे विसरू नये.

मोठ्या सर्वेक्षणांची मर्यादा

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी व दहावीच्या सुमारे ३४ लाख विद्यार्थ्यांवर २२ भाषांत घेण्यात आले. त्याची जागा पुढे ‘परख’ या संस्थेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने घेतली. ४ डिसेंबर २०२४ च्या फेरीत तिसरी, सहावी व नववीतील २१ लाखांहून अधिक विद्यार्थी सहभागी झाले. या चाचण्या शाळेच्या माध्यमात होतात. जिल्ह्याची सरासरी काढण्यास त्या उपयुक्त आहेत. एखाद्या मुलाचे कमी गुण विषयामुळे की भाषेमुळे, हे सांगण्याचा त्यांचा हेतूच नाही. २०२२ चे पायाभूत अध्ययन सर्वेक्षण या दृष्टीने निराळे होते. त्यात तिसरीतील सुमारे ८६ हजार मुलांशी एकेकट्याने बसून, २० भाषांत, तोंडी चाचणी घेण्यात आली आणि वाचनप्रावीण्याचे टप्पे भाषानिहाय स्वतंत्र ठरवण्यात आले. निपुण भारत अभियानासाठी ही मांडणी अधिक स्वीकारार्ह आहे.

प्रश्न केवळ शैक्षणिक न्यायाचा नाही, साधनसामग्रीच्या वाटपाचाही आहे. इंग्रजी माध्यमाकडे धावणारे पालक अविवेकी आहेत असे मानण्याचे कारण नाही. मेहताबुल आझम, एमी चिन व निशिथ प्रकाश यांच्या २०१३ च्या अभ्यासात, २००५ च्या आधारसामग्रीनुसार, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे ताशी वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी व थोडी इंग्रजी येणाऱ्यांचे १३ टक्क्यांनी अधिक आढळले. हा लाभ भाषेचा आहे, त्या भाषेतून न समजता पाठ केलेल्या विज्ञानाचा नव्हे. उलट बाजूही तितकीच ठोस आहे. तरुण जैन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटिश प्रांतांतील असे जिल्हे तपासले, जेथील लोकभाषा प्रांताच्या राजभाषेहून वेगळी होती. त्यांची साक्षरता १८ टक्क्यांनी कमी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ही तूट भरून निघाली. मुंबई इलाख्यातील धारवाड परिसरात एकोणिसाव्या शतकात कन्नड मुलांना मराठीतून शिकावे लागे, आणि कन्नड शाळांसाठी डेप्युटी चन्नबसप्पा यांना झटावे लागले. आज सीमाभागात भूमिका बदललेल्या आहेत, एवढेच.

पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण करण्याची मुभा देणारी शिक्षण हक्क अधिनियमातील २०१९ ची दुरुस्ती लक्षात घेता चुकीच्या निदानाची किंमत आता एक संपूर्ण वर्ष असू शकते. त्या मानाने दुसऱ्या निरीक्षणाचा खर्च किरकोळ आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलायचे तर २०० मिनिटे लागतात. रोज दोन मुले घेतली तर दहा मिनिटांत, वीस शालेय दिवसांत, साऱ्या वर्गाची फेरी पूर्ण होते.

खरा पेच वेळेचा नाही, शिक्षकाच्या स्वतःच्या भाषांचा आहे. कन्नड व थोडी इंग्रजी येणाऱ्या शिक्षिकेने ओडिया बोलणाऱ्या मुलाचे उत्तर कसे तपासावे? अशा वेळी अनेकदा गल्लीतील कन्नड उपयोगी पडते. मुलाचे ते कन्नड पुस्तकी नसते, पण ‘पाणी कोठे गेले?’ याचे उत्तर देण्यास पुरते. तेही नसेल तर वरच्या इयत्तेतील त्याच भाषेचे मूल मध्यस्थ होऊ शकते, चित्र काढून घेता येते, खडे मांडून भागाकार करून दाखवता येतो. मध्यस्थ मूल स्वतःचे उत्तर मिसळण्याचा धोका असतोच, म्हणून कृतीने दाखवता येईल तेवढे कृतीनेच तपासलेले बरे. जे अशाने तपासता येत नाही, त्याच्यापुढे शिक्षिकेने गुण लिहू नयेत; तो रकाना काही महिने कोरा ठेवण्याची परवानगी तिला असली पाहिजे. आजच्या गुणपत्रकात मात्र कोऱ्या रकान्याची गणना शून्य अशीच होते.